बी.एस्सी. रसायनशास्त्रानंतरची पहिली नोकरी : अनुभव नसताना बायोडेटात काय लिहावे?

जगबुडीकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात राहते. यंदा मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातील बी.एस्सी. पदवी मला मिळाली असून निकाल लागल्यापासून मी नोकरीच्या शोधात आहे. लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत आमच्या घरापासून बसने अर्ध्या तासावर आहे. तेथे किंवा जवळपासच्या एखाद्या औषध अथवा रसायन कारखान्यात, गुणवत्ता नियंत्रण विभागात म्हणजे ज्याला सगळे क्यूसी म्हणतात तेथे, शिकाऊ केमिस्ट म्हणून लागावे अशी माझी इच्छा आहे. गेल्या चार महिन्यांत लोटे, महाड आणि तारापूर मिळून चौतीस ठिकाणी मी बायोडेटा पाठवला. त्यांपैकी एकाच ठिकाणाहून फोन आला आणि अनुभव किती आहे एवढे विचारून तोही ठेवला गेला.

माझा बायोडेटा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात करून घेतलेला आहे. दुकानदाराकडे एक ठरलेला नमुना होता आणि माझ्या वर्गातील बहुतेकांचे बायोडेटा त्याच नमुन्याचे आहेत. बायोडेटा इंग्रजीत असून दोन पानांचा आहे. सुरुवातीला छायाचित्र, त्याखाली ‘नामांकित संस्थेत काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीत योगदान देणे’ असे उद्दिष्ट, मग दहावीपासूनच्या गुणांचा तक्ता, मग ‘प्रामाणिक, कष्टाळू, लवकर शिकणारी, संघभावनेने काम करणारी’ असे गुणविशेष, मग संगणकाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम, ‘प्रकल्प : पाण्याचे विश्लेषण’ अशी एक ओळ, ‘अनुभव : नाही’ अशी दुसरी ओळ, आणि दुसऱ्या पानावर वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद व शेवटी सर्व माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र, असा एकंदर मजकूर आहे.

माझ्या शंका अशा आहेत. अनुभव नाही हे लिहायचे की ती ओळ काढून टाकायची? तिसऱ्या सत्रात भौतिक रसायनशास्त्रात मला केटी लागली होती, म्हणजे त्या विषयात मी नापास झाले होते, ती पुढच्या परीक्षेत सुटली. ती लपवावी का? आणि एचपीएलसीचे (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचे) प्रात्यक्षिक आम्हाला एकदा दाखवले होते, तर ‘एचपीएलसीचे ज्ञान’ असे लिहिले तर चालेल का? वर्गातल्या काही जणींनी तसे लिहिले आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर बाबा आज कोणाचा मेल आला का असे विचारतात आणि मला रोज तेच उत्तर द्यावे लागते, म्हणून आपणा सर्वांचा थोडा वेळ मागते आहे.

अनुमापन (उत्तर)

मी औषधनिर्मिती क्षेत्रातील क्यूसी प्रयोगशाळेत सतरा वर्षे काम करतो आहे, आधी तारापूरला आणि आता रायगड जिल्ह्यात. नवीन केमिस्ट निवडण्यासाठी आलेले बायोडेटा बरीच वर्षे मीच वाचतो. तुमच्या शंकांना उत्तर देण्यापूर्वी मला एकच गोष्ट विचारायची आहे. ‘प्रकल्प : पाण्याचे विश्लेषण’ या ओळीत नेमके काय काय दडले आहे? कोणाचे पाणी, किती नमुने, कोणत्या चाचण्या, आणि त्यांतले तुम्ही स्वतःच्या हाताने काय केले, हे सविस्तर लिहा.

जगबुडीकाठ

सर, तिसऱ्या वर्षी आम्ही चौघींनी मिळून तालुक्यातील आठ विहिरींच्या पाण्याची तपासणी केली. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर एकदा आणि मार्चमध्ये पुन्हा एकदा नमुने घेतले. पीएच, एकूण कठीणपणा आणि क्लोराइड अशा तीन चाचण्या होत्या. कठीणपणाचे सर्व अनुमापन, म्हणजे ठाऊक तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजण्याचे टायट्रेशन, माझ्याकडे होते. त्यासाठी लागणाऱ्या ईडीटीए या रसायनाचे ०.०१ मोलार द्रावण मी तयार करत असे आणि दर वेळी कॅल्शियम कार्बोनेटच्या द्रावणाने ते प्रमाणित करून घेत असे. आठ विहिरी, दोन ऋतू आणि प्रत्येकी तीन रीडिंग म्हणजे अठ्ठेचाळीस अनुमापने झाली. आमच्याकडे जांभ्याची जमीन असल्यामुळे पाणी बहुतेक ठिकाणी मऊच निघाले, तीन विहिरींचा पीएच तर साडेसहाच्याही खाली होता. फक्त खाडीजवळच्या एका विहिरीत मार्चमध्ये क्लोराइड लिटरला ३१० मिलिग्रॅम आले. ऑक्टोबरमध्ये तेच ४६ होते.

मार्चमध्ये एक अडचणही आली होती. अनुमापनाच्या शेवटी रंग मद्यासारख्या लालवरून स्वच्छ निळा व्हायला हवा, तो जांभळटच राहत होता आणि ब्युरेटचे (मापनळीचे) एकसारखे रीडिंग मिळत नव्हते. आधी मला वाटले की माझ्या डोळ्यांचीच चूक आहे. नंतर लक्षात आले की अमोनिया बफरची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाची) बाटली मागच्या वर्षीची होती आणि द्रावणाचा पीएच दहापर्यंत पोहोचतच नव्हता. मॅडमना सांगून नवीन बफर केला आणि आठही नमुने पहिल्यापासून पुन्हा केले. हे बायोडेटात लिहिण्यासारखे आहे असे मला वाटले नव्हते, कारण तो महाविद्यालयातला प्रयोग होता, नोकरीतला अनुभव नव्हता.

अनुमापन

तुम्ही वर जे दोन परिच्छेद लिहिलेत, तेवढे जरी तुमच्या बायोडेटात असते तरी मी तुम्हाला मुलाखतीला बोलावले असते. हे मी तुमची उमेद वाढावी म्हणून लिहीत नाही, तर त्यामागचे कारण सांगतो.

आमच्याकडे शिकाऊ केमिस्टच्या एका जागेसाठी बायोडेटांचा मोठा गठ्ठा येतो. त्यांतल्या बहुतेकांत प्रामाणिक, कष्टाळू आणि लवकर शिकणारा हे तीन शब्द असतात. हे शब्द खोटे असतात असे माझे म्हणणे नाही, पण ते सगळ्यांच्याच कागदावर असल्यामुळे त्यांवरून एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही. मला हवी असते ती अशी एखादी ओळ, जिच्यावरून या मुलाने किंवा मुलीने खरोखर ब्युरेट हातात धरलेले आहे हे कळेल. ‘आठ विहिरींच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीए पद्धतीने दोन ऋतूंत तपासला, द्रावण स्वतः तयार करून प्रमाणित केले’ ही ओळ वाचली की मला कष्टाळूपणा वेगळा वाचावा लागत नाही.

त्याहून मोलाची आहे ती बफरची हकिकत. क्यूसीमध्ये एखाद्या बॅचचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की आम्ही लगेच दुसरे रीडिंग घेऊन मोकळे होत नाही. आधी कारण शोधावे लागते : द्रावण मुदतीत होते का, उपकरण प्रमाणित होते का, वजन बरोबर घेतले होते का, हिशेबात चूक आहे का. ही चौकशी होऊन तिची नोंद झाल्याशिवाय पुनर्तपासणी करता येत नाही. ‘आऊट ऑफ स्पेसिफिकेशन’ची चौकशी म्हणतात ती हीच. तुम्ही नाव ठाऊक नसताना ती चौकशी केली, वरिष्ठांना सांगितले आणि फक्त शंका आलेला नमुना न घेता आठही नमुने पुन्हा केले. बायोडेटात यासाठी एकच वाक्य पुरे आहे : ‘अंतिम बिंदू अस्पष्ट येत असल्याचे कारण जुना बफर असल्याचे शोधून, नवीन बफर तयार करून सर्व नमुन्यांची पुनर्तपासणी केली.’ मुलाखत घेणारा याच वाक्यावर बोट ठेवून प्रश्न विचारील आणि तेथे तुम्हाला बोलण्यासारखे पुष्कळ असेल.

आकडे लिहिताना त्यांचा अर्थही लिहा. क्लोराइड ३१० आले एवढ्याने वाचणाऱ्याला काही कळत नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसेल तर १००० पर्यंत सूट आहे. पीएचची मर्यादा साडेसहा ते साडेआठ आहे. ‘निकालांची आयएस १०५०० शी तुलना केली, एका विहिरीचे क्लोराइड आणि तीन विहिरींचे पीएच स्वीकार्य मर्यादेबाहेर आढळले’ असे लिहिले म्हणजे मोजमाप आणि मानक यांचे नाते या मुलीला समजते हे दिसते. आमचे सगळे काम त्या नात्यावरच चालते, फक्त आमच्याकडे आयएसऐवजी औषधकोश, म्हणजे औषधांच्या मानकांचा ग्रंथ, असतो.

आता तुमच्या शंकांविषयी. ‘अनुभव : नाही’ ही ओळ काढून टाका. त्या जागी ‘प्रयोगशाळेतील काम’ असे शीर्षक द्या आणि ते गुणांच्या तक्त्याच्या वर आणा. त्यात दोन भाग करा. जे स्वतःच्या हाताने अनेकदा केले ते एका भागात : द्रावण तयार करणे व प्रमाणित करणे, आम्ल-अल्कली, ईडीटीए आणि रेडॉक्स अनुमापने, पीएच मीटर बफरने जुळवून घेणे, वितळणबिंदू, भारमितीय विश्लेषण, जे केले असेल ते. जे फक्त पाहिले ते दुसऱ्या भागात, ‘प्रात्यक्षिक पाहिले’ अशा स्पष्ट शब्दांत. एचपीएलसी तेथेच जाईल. ज्ञान हा शब्द वापरू नका, कारण त्या शब्दातून केले की पाहिले हे कळत नाही, आणि आम्हाला तेवढेच कळून घ्यायचे असते.

केटी लपवू नका, पण ठळकही करू नका. शेवटचे सीजीपीए आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष लिहा. सत्रवार तक्ता देण्याची गरज नाही. विचारले तर सरळ सांगा. आमच्या नोंदवह्यांत पांढरी शाई चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा लिहून सही आणि तारीख करायची. चुकणारा केमिस्ट आम्ही शिकवून तयार करतो. खाडाखोड झाकणारा केमिस्ट प्रयोगशाळेत ठेवता येत नाही, कारण त्याच्या सहीवर औषधाची बॅच बाजारात जाते आणि ती गोळी कोणाच्या तरी आईवडिलांच्या पोटात जाणार असते. म्हणून बायोडेटा वाचताना माझी नजर नकळत तारखांवर जाते. गुणपत्रिकेवरचे वर्ष एक आणि बायोडेटातले दुसरे असे दिसले, तर मी तो कागद बाजूला ठेवतो. तुमचा बायोडेटा म्हणजे तुमच्या हातची पहिली नोंद आहे असे समजून प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहा.

शिक्षिका_सातारा (उत्तर)

मी एका ग्रामीण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्याकडील नोकरी मार्गदर्शनाचे कामही पाहते. वर प्रयोगशाळेविषयी जे लिहिले आहे त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. मी कागदाच्या उरलेल्या भागाविषयी लिहिते.

आपल्याकडे बायोडेटा हा शब्द लग्नाच्या स्थळासाठीही वापरला जातो आणि नोकरीसाठीही, आणि माझ्या मते दुकानातल्या नमुन्याचा घोटाळा तेथूनच सुरू होतो. वडिलांचे नाव, धर्म, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती हा मजकूर स्थळाच्या कागदावरून नोकरीच्या कागदावर आलेला दिसतो. खाजगी कंपनीतल्या केमिस्टच्या कामाशी त्याचा संबंध नाही. तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्हाला काय करता येते हे त्या पानावर हवे. तेव्हा दुसरे पान पूर्ण काढून टाका. नाव, गाव व तालुका, दूरध्वनी क्रमांक आणि साधा ईमेल पत्ता एवढे पहिल्या पानाच्या माथ्यावर पुरेसे आहे. छायाचित्र जाहिरातीत मागितले असेल तरच द्यावे. आधार आणि पॅन क्रमांक बायोडेटात कधीही लिहू नये, कारण ते कागद किती हातांतून फिरतात यावर आपले नियंत्रण नसते. त्याच ओघात आणखी एक सांगते : नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा गणवेशाची अनामत या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्या कोणालाही एक रुपयाही देऊ नका. दर वर्षी आमच्या एकदोन मुली त्यात फसतात आणि घरी सांगण्याची त्यांना लाज वाटते. लाज त्यांना वाटण्याचे काहीच कारण नाही.

उद्दिष्टाचे वाक्य काढून त्या जागी दोन ओळींचा परिचय लिहा, ज्यात पदवी, कामाची दिशा आणि तुमची सर्वांत जमेची बाजू येईल. पाळ्यांमध्ये काम करण्याची तयारी असेल आणि घरून येण्याजाण्याची सोय ठरलेली असेल, तर तेही येथेच एका वाक्यात लिहावे. लोट्यापासून अर्ध्या तासावर राहता ही तुमच्या बाजूची मोठी गोष्ट आहे आणि ती आज तुमच्या बायोडेटात कोठेच नाही.

तुमचा प्रकल्प पाण्याचा आहे, त्यामुळे मी एक दिशा सुचवते. फक्त औषध कंपन्यांच्या क्यूसीकडे पाहू नका. रसायन कारखान्यांना सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवावे लागते आणि तेथे रोज पीएच, सीओडी व बीओडी (पाण्यातील प्रदूषकांना किती ऑक्सिजन लागतो याची मापे), एकूण विरघळलेले घन पदार्थ अशा तपासण्या होतात. शिवाय पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या, एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या खाजगी प्रयोगशाळाही आहेत. तेथे तुमची अठ्ठेचाळीस अनुमापने थेट कामाची ठरतात. अर्ज करण्यापूर्वी सीओडीसाठी डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळवणे आणि बीओडीसाठी २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस ठेवणे या दोन्हींमागचे तत्त्व वाचून ठेवा. बायोडेटाच्या दोन प्रती करा. एकीत औषध क्यूसीच्या दृष्टीने द्रावणे आणि नोंदी पुढे येऊ द्या, दुसरीत पाण्याचा प्रकल्प पुढे येऊ द्या. मजकूर तोच, फक्त क्रम वेगळा.

चौकटी, रंगीत पट्टे आणि शेजारी शेजारी दोन रकाने टाळा. नोकरीच्या संकेतस्थळांवर बायोडेटा आधी संगणक वाचतो आणि अशा मांडणीत मजकूर विस्कटतो. फाइल पीडीएफ असावी आणि तिच्या नावात तुमचे नाव व पद असावे. मेल पाठवताना विषयाची ओळ मोकळी सोडून नुसती फाइल जोडणारे विद्यार्थी मी फार पाहिले आहेत. चार वाक्ये लिहा : कोणत्या पदासाठी, पदवी कोणती, काय करता येते, कधीपासून रुजू होता येईल. चौतीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये घातले असतील तर तसे पुन्हा करू नका.

एक वाट आणखी आहे. अप्रेंटिसशिप कायदा १९६१ चा, पण त्याखाली पदवीधरांसाठी चालणारी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना आज चांगली उपयोगाची आहे. तिचे विद्यावेतन काही अंशी केंद्र शासन देते, त्यामुळे कंपन्या नवख्यांना घ्यायला तुलनेने तयार असतात. राज्य शासनानेही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यात पदवीधरासाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले होते. तुमच्या जिल्ह्यात सध्या जागा आहेत का ते महास्वयंम पोर्टलवर पाहावे. एका वर्षाची शिकाऊ उमेदवारी पूर्ण झाली की पुढच्या बायोडेटात अनुभवाचा रकाना खरोखरच भरलेला असतो.

नवी_केमिस्ट (उत्तर)

ताई, मी तुमच्यापेक्षा एकच वर्ष पुढे आहे आणि सध्या महाडला शिकाऊ केमिस्ट आहे. ‘एचपीएलसीचे ज्ञान’ लिहिण्याची चूक मी केली होती, म्हणून लिहिते.

पहिल्या मुलाखतीत समोरच्या सरांनी माझ्या बायोडेटातली तीच ओळ वाचली आणि अगदी शांतपणे विचारले की कॉलम (यंत्रातली घटक वेगळे करणारी नळी) कोणता होता. मी सी-अठरा असे सांगितले, कारण ते पाठ होते. मग त्यांनी विचारले की मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) किती मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला आणि गाळल्यानंतर त्यातली हवा कशी काढली. आमच्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी यंत्राभोवती तीस मुले उभी होती आणि मी मागच्या रांगेत होते. मला ०.४५ हा आकडाही ठाऊक नव्हता. मी काहीतरी बोलत राहिले आणि मी बोलते आहे ते खरे नाही हे त्यांना कळते आहे, हेही मला दिसत होते. त्यानंतर त्यांनी मला आयोडोमितीविषयी, म्हणजे आयोडीनच्या अनुमापनाविषयी, विचारले. ती मी वर्षभर केली होती, तरी मला धड सांगता आले नाही, कारण मन पहिल्याच प्रश्नात अडकले होते. एका खोट्या ओळीने माझ्या दहा खऱ्या ओळी बुडवल्या. त्या कंपनीत मला घेतले नाही आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

त्यानंतर मी ती ओळ ‘प्रात्यक्षिक पाहिले’ अशी बदलली. पुढच्या मुलाखतीत बाईंनी विचारले की प्रात्यक्षिकात काय पाहिलेस, तेव्हा जेवढे पाहिले तेवढेच सांगितले आणि उरलेले शिकायची इच्छा आहे असे म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि अनुमापनाकडे वळल्या. तेथे आयोडोमितीत स्टार्च सुरुवातीलाच न घालता शेवटी, द्रावण फिकट पिवळे झाल्यावर का घालायचे, असे विचारले. ते मला सांगता आले, कारण एकदा स्टार्च लवकर घालून माझा निळा रंग लवकर जातच नव्हता, आणि सरांनी तो प्रयोग माझ्याकडून पुन्हा करून घेतला होता.

आणखी एक : आमच्या भागातल्या कंपन्यांचे वॉक-इन (आधी न बोलावता थेट जाऊन द्यायच्या मुलाखती) बहुधा रविवारी असतात. जाताना बायोडेटाच्या चार प्रती, सर्व गुणपत्रिकांच्या मूळ प्रती व छायाप्रती, आणि प्रयोगशाळेचे सही-शिक्क्याचे जर्नल सोबत न्या. जर्नल नेण्याचे मला कोणी सांगितले नव्हते, मी आपणहून नेले होते. बाईंनी ते मागून घेतले आणि बराच वेळ चाळले. इंग्रजीची भीती असेल तर तुमच्या बायोडेटातल्या प्रत्येक ओळीवर इंग्रजीतून दोन मिनिटे बोलण्याचा सराव घरी मोठ्याने करा. व्याकरण चुकले तर कोणी अडवत नाही, पण आपण केलेले काम आपल्याला सांगता आले पाहिजे.

जगबुडीकाठ

सर, मॅडम आणि ताई, आपण तिघांनी एवढे सविस्तर लिहिलेत याबद्दल मी मनापासून आभारी आहे. काल रात्री जर्नल आणि प्रकल्पाची वही समोर घेऊन बसले आणि बायोडेटा पहिल्यापासून लिहिला. आता तो एका पानाचा झाला आहे. मधला भाग मराठीत सांगायचा तर असा आहे :

‘प्रकल्प : खेड तालुक्यातील आठ विहिरींच्या पाण्याची पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या सुरुवातीस तपासणी, चौघींचा गट. माझे काम : एकूण कठीणपणा, ईडीटीए पद्धत, प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंग, एकूण ४८ अनुमापने. ०.०१ मोलार द्रावण तयार करून दर वेळी प्रमाणित केले. अंतिम बिंदू अस्पष्ट येण्याचे कारण जुना अमोनिया बफर असल्याचे शोधून आठही नमुन्यांची पुनर्तपासणी केली. क्लोराइड व पीएच या चाचण्या गटातील सहकाऱ्यांनी केल्या. निकालांची आयएस १०५०० शी तुलना सर्वांनी मिळून केली.’

लिहिताना माझ्या लक्षात आले की क्लोराइडचा आकडा मला सर्वांत लक्षवेधी वाटत असला तरी ती चाचणी मी केलेली नव्हती, म्हणून तसे स्पष्ट लिहिले आहे. हे बरोबर झाले का?

अनुमापन

अगदी बरोबर झाले. कोणी काय केले हे नोंदीत स्पष्ट असणे हा आमच्याकडे पहिला नियम आहे आणि तो तुम्ही सांगितल्याशिवाय पाळलात.

एकच दुरुस्ती सुचवतो. मार्चमध्ये आठही नमुने पुन्हा केलेत, तर ती चोवीस रीडिंग अठ्ठेचाळीसमध्ये धरली आहेत की वेगळी? रद्द झालेली रीडिंगसुद्धा नोंद असतात, त्यामुळे वहीत मोजून पाहा आणि आकडा त्याप्रमाणे लिहा. मला हा प्रश्न सुचला म्हणजे मुलाखत घेणाऱ्यालाही सुचेल.

जगबुडीकाठ

सर, वही काढून मोजले. जुन्या बफरने घेतलेली रीडिंग अठ्ठेचाळीसमध्ये धरलेली नव्हती. ती एकोणीस आहेत, कारण सातव्या विहिरीच्या पहिल्या रीडिंगनंतर मी थांबले होते. वहीत ती सर्व एका रेघेने खोडलेली आहेत आणि शेजारी मॅडमची सही आहे. ‘४८ अनुमापने, त्याखेरीज रद्द केलेली १९’ असे लिहून उद्या सकाळी लोट्यातील तीन ठिकाणी पाठवते.